सुटका

दीर्घ आजारानंतर घरात कोणी देवाघरी गेले की भेटीला येणाऱ्या मंडळींच्या तोंडी आपल्याकडे एक वाक्य हमखास असते : "सुटले बिचारे." वाक्य साधे आहे, सांत्वनाचे आहे आणि बहुतेक वेळा खरेही आहे. पण ह्या वाक्यात कर्ता अर्धवट झाकलेला राहतो. कोण सुटले? अंथरुणाला खिळलेला देह सुटला, की उशाशी बसून रात्रीमागून रात्री काढणारे माणूस सुटले? दुसरा अर्थ कोणी मोठ्याने उच्चारत नाही. फार तर निघताना, चपला पायांत सरकवता सरकवता, एखादी वडीलधारी बाई हळूच म्हणते, "घरचीही सुटली हो एकदाची." जिच्याविषयी हे बोलणे चाललेले असते ती घरची व्यक्ती आत मेणबत्तीजवळ मान खाली घालून बसलेली असते. तिच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे, हे विचारण्याची आपल्यात रीत नाही.

ह्या न विचारलेल्या प्रश्नावर कोणीतरी धीटपणे काही रचावे, असे आम्हांस फार दिवस वाटत होते. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या मंडळींबरोबर आम्हीही घरोघरी जातो, आणि खाटेवरच्या माणसापेक्षा खाटेशेजारच्या माणसाचा चेहराच पुष्कळदा मनात घर करून राहतो. अशी रचना आम्हांस सापडली ती मात्र अगदी अनपेक्षित जागी : एका व्हिडिओ गेममध्ये. तोही भयकथेच्या जातीचा, आणि त्यातही दुसरा भाग. त्याचे नाव 'सायलेंट हिल २'.

धर्मग्रामातील कुटुंबांसाठी निघणाऱ्या त्रैमासिकात भुताखेतांच्या खेळाचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही एवढेच विनवतो की, लेख शेवटपर्यंत वाचावा. मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी असले खेळ कोठून आले, असे विचारण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. आमच्या पुतण्याच्या संगणकावर तो आला. प्रथम आम्ही नुसते शेजारी बसून पाहत होतो, मग चार दिवसांनी यंत्र स्वतःच्या हाती घेतले, आणि पुढचे काही आठवडे रात्रीचे जेवण उरकले की आम्ही त्या परक्या गावात जाऊ लागलो. एक गोष्ट आरंभीच सांगून टाकावी. हा खेळ मुलांसाठी नव्हे. त्यावर प्रौढांसाठीचा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. त्यातील रक्तपात, बीभत्स आकृती आणि एका अत्याचारित स्त्रीची कथा कोवळ्या मनाला झेपणारी नाही.

'सायलेंट हिल'चा पहिला भाग जपानमधील कोनामी ह्या कंपनीने १९९९ साली काढला. अमेरिकेतील एका काल्पनिक गावात हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप, असा त्याचा विषय होता. त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राची शक्ती बेताची होती, लांबवरचे रस्ते आणि घरे ते चटचट रंगवू शकत नसे. म्हणून रचनाकारांनी सगळे गाव धुक्यात बुडवून टाकले. म्हणजे अडचण झाकण्यासाठी धुके आले, आणि तेच त्या गावाचे रूप होऊन बसले. २००१ च्या सप्टेंबरात दुसरा भाग आला, तेव्हा यंत्र अधिक समर्थ झालेले होते. तरीही धुके कायम राहिले, कारण आता कथेलाच त्याची गरज होती.

दुसरा भाग म्हटला की पहिल्याचे शेपूट, अशी आपली समजूत असते. पहिल्यातला नायक, पहिल्यातलाच शत्रू, फक्त मारामाऱ्या जास्त. येथे तसे झाले नाही. दिग्दर्शक मासाशी त्सुबोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या भागातील माणसे आणि त्यांची गोष्ट जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवली. गाव तेवढे तेच ठेवले, आणि त्या गावात एक नवा जीव आणून सोडला. संहिता लिहिली हिरोयुकी ओवाकू ह्यांनी. कथेच्या मूळ कल्पनेमागे दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' ह्या कादंबरीची प्रेरणा होती, असे ती कल्पना मांडणाऱ्या ताकायोशी सातो ह्यांनी सांगितलेले आहे. ज्यांनी ती कादंबरी वाचली आहे, त्यांना ह्या खेळात तिचा श्वास ऐकू येईल.

कथा अशी. जेम्स संडरलँड ह्या मध्यमवयाकडे झुकू लागलेल्या साध्या माणसाला एक पत्र येते. पाकिटावर त्याच्या पत्नीचे, मेरीचे, नाव आहे. सायलेंट हिल गावातील आपल्या आवडत्या ठिकाणी मी तुझी वाट पाहत आहे, असा पत्राचा आशय. पण मेरी तर आजाराने वारली, तीन वर्षे झाली. मेलेले माणूस पत्र लिहीत नसते, हे जेम्सलाही कळते. तरी तो निघतो. कारण दुःखात बुडालेल्या माणसाला तर्क अडवू शकत नाही. रिकाम्या घरातही दाराची कडी वाजल्यासारखे भास ज्यांना झालेले आहेत, त्यांना जेम्सच्या ह्या प्रवासाचे नवल वाटणार नाही.

तो गावात शिरतो आणि धुके त्याला गिळते. आम्हां मौदेकरांना धुक्याचे अप्रूप नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कन्हान नदीवरून ते चढू लागते, तेव्हा औष्णिक वीज केंद्राच्या उंचच उंच चिमण्या नाहीशा होतात आणि भंडारा रस्त्यावरचे ट्रक केवळ आवाजावरून ओळखावे लागतात. अशा पहाटे मिस्सेला निघालेल्या माणसाला पुढची चार पावले तेवढी दिसतात. चालत राहिले की आणखी चार दिसतात. खेळातले धुकेही असेच आहे. ते काही दाखवत नाही, पण चालणाऱ्याला वाट नाकारतही नाही. जेम्सच्या खिशात एक बिघडलेला छोटा रेडिओ असतो. जवळपास काही अमंगळ असले की तो खरखर करू लागतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते कानांना आधी कळते. अकिरा यामाओका ह्यांचे संगीत आणि त्या रेडिओची खरखर ह्यांनी जी भीती उत्पन्न होते, ती एकाएकी अंगावर येणाऱ्या राक्षसांच्या भीतीपेक्षा खोल उतरते. तिला आपण मराठीत धाकधूक म्हणतो. सदसद्विवेकबुद्धी कोपऱ्यात बसून अशीच खरखर करत असते. आपण आवाज कमी करू शकतो, पण ती बंद होत नाही.

गावात जेम्सला तीनचार माणसे भेटतात. अँजेला नावाची तरुणी आपल्या आईला शोधत आहे. बापाच्या अत्याचाराने तिचे बालपण करपून गेलेले आहे. एके ठिकाणी ती पेटलेल्या जिन्यावर उभी असते. भोवतीच्या ज्वाळा पाहून जेम्स चकित होतो, तेव्हा ती जे सांगते त्याचा अर्थ असा की, माझ्यासाठी हे नेहमीचेच आहे. हे ऐकून आम्ही खेळ थांबवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. एडी नावाचा स्थूल तरुण आयुष्यभर लोकांच्या हसण्याचा विषय झालेला आहे, आणि त्या अपमानातून त्याच्या हातून जे घडले ते तो स्वतःशीही कबूल करत नाही. ह्या प्रत्येकाला गाव वेगळे दिसते. ज्याच्या मनात जे दडलेले असेल ते तेथे रस्त्यावर चालत येते. आणि लॉरा नावाची आठ वर्षांची एक पोर त्याच गावात खुशाल उड्या मारत हिंडते. तिला एकही राक्षस दिसत नाही. तिच्या मनात लपवण्यासारखे काहीच नाही. बालकांसारखे झाल्यावाचून स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, ही प्रभूची शिकवण एवढ्या साध्या युक्तीने दाखवलेली आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही. रचनाकारांच्या मनात शुभवर्तमान असेल, असा आमचा दावा नाही. सत्य कोठूनही वाट काढते, इतकेच.

आणखी दोन आकृती जेम्सच्या मागे आहेत. एक मारिया. ती हुबेहूब मेरीसारखी दिसते, फक्त निरोगी, हसरी आणि मोहक. ती त्याच्या डोळ्यांदेखत मरते आणि पुन्हा भेटते, पुन्हा मरते आणि पुन्हा भेटते. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याच्या मनात 'हिला काही झालेच नसते तर' असे जे चित्र येते, त्याला हाडामांसाचे रूप दिले तर ती मारिया होईल. दुसरी आकृती एका वध करणाऱ्याची. त्याच्या डोक्यावर चेहरा झाकणारे प्रचंड लोखंडी त्रिकोणी शिरस्त्राण आहे आणि हातात ओढत नेण्याजोगा सुरा. मासाहिरो इतो ह्यांनी कल्पिलेली ही आकृती इतकी प्रसिद्ध झाली की, आज पुष्कळांना खेळ ठाऊक नसतो, पण तेवढे ते मस्तक ठाऊक असते. त्याचा उलगडा शेवटी होतो. जेम्स म्हणतो त्याचा आशय असा की, मी दुबळा होतो, मला शिक्षा करणारे कोणीतरी हवे होते, म्हणून तू होतास. जेम्स सत्याला सामोरा गेल्यावर ह्या आकृतीला काही काम उरत नाही. ती आपणच आपला अंत करून घेते. मनुष्य जोवर आपले पाप उच्चारत नाही तोवर तो स्वतःच स्वतःसाठी जल्लाद नेमतो. हे मर्म ज्यांना पापनिवेदनाची सवय आहे, त्यांना चटकन उमजेल.

आता सत्य. सरोवराकाठच्या हॉटेलातील ३१२ क्रमांकाच्या खोलीत, जेथे पतिपत्नी एकदा सुटीला राहिली होती, एक चित्रफीत ठेवलेली असते. जेम्स ती लावतो. प्रथम मेरी दिसते, हसत, मधूनच किंचित खोकत. मग चित्र बदलते. खाटेवर आजारी मेरी आहे, आणि तिच्या तोंडावर उशी दाबून धरणारा मनुष्य खुद्द जेम्स आहे. तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली होती हे खरे, पण तिला मरण आजाराने आलेले नव्हते. ते पत्रसुद्धा कधी आलेले नव्हते. आपण खेळताना मधूनमधून खिशातील पत्र उघडून पाहिले तर ध्यानात येते की, त्यावरील अक्षरे केव्हाच पुसली गेली आहेत. पुढे कागदही नाहीसा होतो.

येथपर्यंत ही रहस्यकथा आहे, आणि ह्याहून चतुर रहस्यकथा मराठीतही आहेत. आमच्या मते खेळाचे मोठेपण ह्यानंतर सुरू होते. जेम्स पहिली कबुली देतो ती लॉराजवळ. रुग्णालयात लॉरा आणि मेरी ह्यांची माया जडलेली होती, आणि ती पोर मेरीलाच शोधत तेथे आलेली असते. रास्कोलनिकोव्ह सोनियापुढे बोलतो, तसा हा पुरुष एका बालिकेपुढे बोलतो. पुढे एका लांब ओसाड मार्गिकेतून चालताना केवळ आवाज ऐकू येतात. जेम्स फुले घेऊन आलेला आहे. मेरी संतापून म्हणते आहे की, मला फुले नकोत, माझ्या ह्या विद्रूप देहाकडे पाहू नकोस, निघून जा. आणि तो जाऊ लागताच तीच कळवळून म्हणते की, थांब, मला सोडून जाऊ नकोस. वाचकहो, दीर्घ आजाराच्या घरात ज्यांनी वर्षे काढली आहेत, त्यांना ह्या संवादाचा एकही शब्द परका वाटणार नाही. वेदना माणसाला कडू करते. ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम, त्याच्यावरच ती कडू धार प्रथम पडते. आपल्या भक्तिकथांतील रुग्ण बहुधा शांतपणे जपमाळ ओढत असतात. खरे रुग्ण ताट भिरकावतात, शिव्या देतात आणि मग रडतात. हे सत्य एका खेळाने आमच्या कानांत घातले.

शेवटच्या भेटीत जेम्स मेरीला आधी सांगतो की, तुला मरण हवे होते, तुझे हाल मला पाहवेनात. हे झाले 'सुटले बिचारे'. मग तोच स्वतःला अडवतो. तू मरायचे नाही असेही म्हणाली होतीस, तुझा मला कंटाळा आला होता, मला माझे आयुष्य परत हवे होते, असे तो कबूल करतो. म्हणजे झाकलेला कर्ता आता उघडा पडला. सुटायचे होते ते मला. ह्यावर मेरी जे विचारते ते आम्ही शब्दशः देत नाही, आशय सांगतो. असे जर असेल, तर तुझ्या चेहऱ्यावर हे एवढे दुःख कसले? ती त्याचा गुन्हा नाकारत नाही, त्याला सबबही पुरवत नाही. त्याच्या कबुलीच्या तळाशी असलेले प्रेम तेवढे ती ओळखते. मग तिचे खरे पत्र आपल्याला ऐकायला मिळते. त्यात तिने आपल्या रागाबद्दल क्षमा मागितलेली आहे, केलेल्या सेवेचे आभार मानलेले आहेत आणि तू तुझे आयुष्य जग, असे म्हटलेले आहे. उधळ्या पुत्राला दुरून पाहून धावत गेलेल्या पित्याची आठवण आम्हांस ह्या ठिकाणी झाली.

ह्या खेळाला शेवट एक नाही. एका शेवटात जेम्स लॉराला घेऊन गावाबाहेर पडतो. दुसऱ्यात निराशेच्या भरात तो स्वतःला सरोवराच्या स्वाधीन करतो. तिसऱ्यात तो मारियाचा हात धरून निघतो, आणि जाता जाता मारिया खोकू लागते. म्हणजे जे टाळले तेच पुन्हा दारात. ह्यांतील कोणता शेवट वाट्याला येईल, हे कोठेही विचारले जात नाही. आपण कसे खेळलो ते यंत्र गुपचूप टिपून ठेवते. जखम झाल्यावर वेळेवर औषध घेतले का, मेरीचे छायाचित्र किती वेळा काढून पाहिले, त्या मार्गिकेतील बोलणे थांबून पूर्ण ऐकले की कंटाळून पुढे धावलो, अँजेलाकडून आलेला सुरा पुन्हापुन्हा निरखला का. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याची तपासणी करावी, अशी संत इग्नेशियसची शिकवण आहे. आमचे लक्ष नसताना ती तपासणी येथे कोणी दुसराच करत होता. आमच्या वाट्याला पहिला शेवट आला. पुतण्याला दुसरा आला, आणि तो दोन दिवस गप्प होता. त्या गप्पपणावर आम्ही त्याच्याशी बोललो. आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते, आणि अशांसाठी ती प्रार्थनाही करते, हे त्याला ठाऊक नव्हते. बोलणे ह्या विषयावर निघाले, हेच खेळाचे एक देणे.

हीच कथा चित्रपटात किंवा कादंबरीत का सांगू नये, असा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला. उत्तर आम्हांस क्रुसाच्या वाटेत मिळाले. येशूच्या दुःखसहनाची हकिकत बसल्या जागी वाचता येते. तरीही प्रायश्चित्तकाळात आपण चौदा स्थाने चालतो, गुडघे टेकतो, उठतो, पुन्हा चालतो. काही सत्ये पायांनी शिकावी लागतात. चित्रपटात जेम्स चालतो आणि आपण पाहतो. येथे प्रत्येक दार आपल्याच बोटांनी उघडायचे असते. त्या चित्रफितीचे बटणही आपणच दाबतो.

ह्या वाटेवरील पाचव्या स्थानाशी आम्ही आता अधिक रेंगाळतो. शिमोन कुरेनेकर स्वेच्छेने आला नव्हता, त्याला वेठीला धरले होते. आजाऱ्याची सेवा करणारी पुष्कळ माणसे अशीच वेठीला धरलेली असतात. बहुधा ती सून असते किंवा लग्न न झालेली मुलगी. तिची नोकरी सुटते, मैत्रिणी तुटतात, मिस्सेला जाणेही अनियमित होते. तिच्या मनात एखाद्या रात्री 'देवा, आता पुरे कर' असे आले तर तो खून नव्हे, तो थकवा आहे. गेथशेमाने बागेत शिष्यांना तासभर जागता आले नाही. दुःखाने ते झोपी गेले, असे संत लूक सांगतो, आणि प्रभूने देहाचा दुबळेपणा जाणला. मनात आलेला विचार आणि हाताने केलेली कृती ह्यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. जेम्सने ते अंतर ओलांडले, कारण तो एकटा होता आणि त्याने आपला थकवा कोणालाही सांगितला नव्हता. सबंध खेळात त्याच्या दारी एकही शेजारी, मित्र वा धर्मगुरू येऊन गेल्याची खूण नाही. आम्हांस वाटते, त्या गावातील सर्वांत भयंकर गोष्ट हीच आहे.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. त्यांना मृत्यू यावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तिच्यातील मागणी नाकारली, आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींचा मानला. त्याच निकालाने आपल्या देशात, कृत्रिम उपचार थांबवण्याच्या काही प्रसंगांना मर्यादित मान्यताही दिली, आणि ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने ती पक्की केली. कायद्याचा हा भाग गुंतागुंतीचा आहे. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ४२ वर्षांची ती सेवा एका स्त्रीने केलेली नव्हती. पाळ्या होत्या. एकीची पाळी संपली की दुसरी येत असे, एक पिढी निवृत्त झाली की दुसरी हजर होत असे. प्रेम तेच, पण ओझे वाटलेले.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत स्पष्ट आहे. हेतू दयेचा असला तरी रुग्णाचा जीव घेणे ती कधीही मान्य करत नाही. मात्र मरण अटळ झालेले असताना अवाजवी, त्रासदायक उपचारांचा हट्ट धरलाच पाहिजे, असे ती म्हणत नाही, आणि वेदना शमवणाऱ्या शुश्रूषेचा ती गौरव करते. १९९५ सालच्या 'जीवनाची सुवार्ता' ह्या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी दयामरणाला खोटी दया म्हटले आहे, आणि खरी करुणा दुसऱ्याच्या वेदनेत वाटेकरी होते, असे सांगितले आहे. जेम्सची सबब आणि जेम्सचे सत्य ह्यांमधील फरक त्या एका विचारात सामावलेला आहे. ही करुणा कशी दिसते हे पाहायचे असेल तर बांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरातील शांती आवेदना सदन पाहावे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी १९८६ साली ते सुरू केले. असे हे भारतातील पहिले सेवासदन. तेथे रुग्णाला वेदनेतून आराम मिळतो, आणि घरच्यांनाही टेकायला जागा मिळते.

खेळात उणिवा नाहीत असे नाही. २००१ च्या आवृत्तीत जेम्सच्या हालचाली अवघडलेल्या आहेत, मारामारी कंटाळवाणी आहे, आणि किल्ल्या व कोडी शोधण्यात पुष्कळ वेळ विनाकारण जातो. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती आली. तीत चेहरे इतके जिवंत झाले आहेत की मेरीकडे पाहवत नाही, पण किल्ल्यांचा जाच आणि झटापटी मात्र वाढल्याच आहेत. ही आवृत्ती पोलंडमधील क्राकुफ शहरातील ब्लूबर टीम ह्या संस्थेने केली. त्याच शहराच्या लागेव्हनिकी भागातील मठात संत फाउस्तिना १९३८ साली वारल्या, आणि दैवी दयेची भक्ती तेथूनच जगभर गेली. कॅरोल वोयतिला पोप होण्यापूर्वी तेथीलच आर्चबिशप होते. हा केवळ योगायोग आहे, ह्याची आम्हांस जाणीव आहे. तरीही दयेला आसुसलेल्या एका माणसाची कथा दयेच्या त्या नगरीत पुन्हा घडवली गेली, हे कळल्यावर आम्ही क्षणभर हात जोडले.

खेळात मात्र क्षमेचा संस्कार नाही. जेम्सला क्षमा करते ती त्याची मृत पत्नी, आणि ती खरोखर मेरी होती की त्याच्याच मनाचा खेळ, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्या हातात खात्री नाही, केवळ आशा आहे. आपल्यापाशी त्याहून अधिक आहे. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे एक जिवंत कान आहे आणि क्षमेचे शब्द मोठ्याने उच्चारणारा एक आवाज आहे. सायलेंट हिलच्या रस्त्यांवर हिंडून आल्यावर ह्या संस्काराची किंमत आम्हांस अधिक कळली.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्डच्या मातेच्या सणादिवशी, आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली तो नेमून दिला. त्या दिवशी धर्मग्रामातील रुग्णांना फुले आणि फळे पोचतात, ही चांगली रीत आहे. तीत आम्हांस एक लहानशी भर सुचवावीशी वाटते. फळांची पिशवी खाटेशेजारी ठेवून झाली की स्वयंपाकघरात डोकवावे, आणि तेथे भांडी घासत असलेल्या व्यक्तीला विचारावे की, बाई, तुझे कसे चालले आहे? रविवारी दोन तास आम्ही बसतो त्यांच्यापाशी, तू मिस्सेला जाऊन ये, आणि येताना घाई करू नकोस. तिला एवढीच सुटका हवी असते. ती वेळेवर मिळाली तर पुढे कधी 'सुटले' हा शब्द कानांवर आला तरी तिला मान खाली घालावी लागणार नाही.